पोस्टकार्डाएवढी फट

भिवंडीत दोन मोठे आवाज शेजारी शेजारी नांदतात. एक मागांचा, दुसरा मालट्रकांचा. यंत्रमागाच्या कारखान्याला भिंत लावून राहणारी माणसं त्या खडखडाटात गाढ झोपतात आणि लाइट जाऊन माग थांबले की जागी होतात, हे इथल्या कोणत्याही जुन्या वस्तीत ऐकायला मिळेल. मागाचा आवाज मोठा असला तरी एकसुरी असतो. थोड्या वेळाने मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. ट्रकची सवय मात्र अशी होत नाही. तो लांबून येतो, चढावर गिअर बदलतो, खड्ड्यात आदळतो, एअरब्रेकचा फुसकारा सोडतो आणि निघून जातो. मग चार मिनिटं सामसूम, आणि पुन्हा दुसरा.

हे ट्रक मध्यरात्रीच का येतात, याचंही कारण आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ या पट्ट्यात गोदामांची रांग लागली आहे. अर्ध्या मुंबईच्या ऑनलाइन खरेदीची खोकी इथूनच निघतात. शेजारच्या ठाणे शहरातून अवजड वाहनांना ठरावीक वेळेतच सोडलं जातं आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो. त्यामुळे माणकोली, रांजनोली आणि अंजूरफाटा या नाक्यांची खरी वर्दळ लोक अंथरुणाला पाठ टेकवतात तेव्हा सुरू होते. याच रस्त्यांच्या कडेला, ठाण्यापेक्षा स्वस्त म्हणून घेतलेल्या फ्लॅटचे टॉवर उभे आहेत. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो तो खिडकीचा. कुणी जाड काच सुचवतं, कुणी डबल काच, कुणी जाड पडदे. हे सगळे सल्ले थोडे थोडे बरोबर असतात, पण क्रम बहुधा उलटा असतो आणि त्यात पैसे जातात.

आधी थोडे आकडे. १४ फेब्रुवारी २००० रोजी अधिसूचित झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी सुचवलेली पातळी सरासरी ३० डेसिबल आहे, आणि मधूनच येणाऱ्या एकेका आवाजाचा कळस ४५ च्या वर जाऊ नये असं तिथे म्हटलं आहे. अर्धवट उघडी खिडकी बाहेरचा आवाज साधारण पंधराने उतरवते. म्हणजे आपला नियम खरोखर पाळला गेला, तर खिडकी किलकिली ठेवूनही आत तिशीची शांतता मिळायला हवी. महामार्गाच्या कडेला रात्री ट्रक जाताना ७५ किंवा त्याहून जास्त सहज भरतात. तिथे खिडकीकडून निदान तीस डेसिबलचं काम हवं.

डेसिबलची मोजपट्टी नेहमीच्या फूटपट्टीसारखी नसते. दहा डेसिबल उतरले म्हणजे येणारी ध्वनिऊर्जा एक दशांशावर आली. कानाला मात्र आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. वीस उतरले की ऊर्जा शंभरावा भाग, तीस उतरले की हजारावा. रस्त्यावरची वाहनं निम्मी झाली तरी सरासरी फक्त तीन डेसिबलने कमी होते. हा हिशेब ध्यानात ठेवला की पुढची सगळी गोष्ट सोपी होते, कारण ती अपूर्णांकांची गोष्ट आहे.

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटना अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी असते. बिल्डरला ती स्वस्त पडते, उघडताना जागा अडत नाही, बाहेर ग्रिल बसवता येतं. पाच फूट रुंद आणि चार फूट उंच अशी एक खिडकी घ्या. तिचा घेर अठरा फूट. मध्ये दोन पल्ले एकमेकांवरून जातात तिथे आणखी चार फुटांची उभी फट. एकूण बावीस फूट, म्हणजे सुमारे पावणेसात मीटर लांबीचा सांधा. सरकायचं तर मोकळीक हवी, म्हणून तिथे रबराऐवजी केसाळ ब्रशची पट्टी असते. ती दोन-चार वर्षांत झिजून चपटी होते. आता या सगळ्या सांध्यावर सरासरी फक्त दोन मिलिमीटर फट राहिली असं धरा. क्षेत्रफळ येतं १३४ चौरस सेंटिमीटर. पोस्टातलं साधं पोस्टकार्ड त्याहून किंचित लहान असतं. म्हणजे बंद केलेल्या खिडकीत पोस्टकार्डाएवढं भोक आहे. फक्त ते पसरलेलं असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही.

खिडकीच्या एकूण क्षेत्रफळात हे भोक पाऊण टक्क्याच्या आसपास भरतं. फटीतून आवाज जवळपास जसाच्या तसा आत येतो. काचेतून शून्य आवाज आला असं मानलं तरी पाऊण टक्का ऊर्जा आत आलीच, आणि त्याचा अर्थ खिडकीची मजल एकवीस-बावीस डेसिबलच्या पुढे जाऊच शकत नाही. काच पाच मिलिमीटरची लावा, बाराची लावा, बुलेटप्रूफ लावा. तीस डेसिबल हवे असतील तर फट एका हजारांशावर आणावी लागते, आणि चाळीस हवे असतील तर दहा हजारांशावर. जाड काचेच्या सल्ल्याचा घोळ इथेच आहे. पहिला खर्च सांध्यावर करायला हवा.

सांधा बुजवण्याची कामं कंटाळवाणी असतात आणि कारागिराला त्यात फारसा फायदा नसतो, म्हणून ती तो स्वतःहून सुचवत नाही. झिजलेले ब्रश बदलायचे, आणि मधोमध रबराची किंवा प्लॅस्टिकची उभी पापणी असलेले घ्यायचे. दोन पल्ले जुळतात तिथला इंटरलॉक घट्ट बसतोय का ते पाहायचं. खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी बाहेर जायला भोकं असतात. ती बुजवली तर जुलैत पाणी घरात येईल. त्यावर बाहेरून झडपेच्या टोप्या बसवता येतात. ज्याकडे कुणीच पाहत नाही ती जागा म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी. बांधकामाच्या वेळी तिथे थोडा फोम, थोडं सिमेंट भरून वरून सिलिकॉनची रेघ ओढलेली असते. ती रेघ उन्हाने सुटली की आतली पोकळी उघडी पडते. एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक, टीव्हीच्या केबलचं भोक, बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनची चौकट, हीही सगळी त्याच हिशेबात धरायची. तपासायला सोपा उपाय आहे. रात्री खोलीतला दिवा मालवून दुसऱ्या माणसाला बाल्कनीतून किंवा बाहेरून खिडकीच्या कडेने बॅटरी फिरवायला सांगा. प्रकाश आत येतो तिथून आवाजही येतो.

तरीही सरकत्या खिडकीला मर्यादा आहे. बिजागरीवर उघडणारी खिडकी बंद होताना रबरावर दाबून बसते. हँडल फिरवलं की दोन-तीन ठिकाणी कुलूप लागतं आणि रबर चेपलं जातं. त्यामुळे नवी खिडकी करायचीच असेल तर उघडत्या पल्ल्याची करावी. चौकट यूपीव्हीसीची की अ‍ॅल्युमिनियमची, यावर दुकानदार तासभर बोलू शकतो, पण आवाजाच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही. रबर कसं चेपलं जातं, यावर सगळं अवलंबून असतं.

सांधे झाले की मग काच. काच जितकी जड, तितका आवाज जास्त अडतो. वजन दुप्पट केलं की सिद्धांतात सहा, प्रत्यक्षात पाच-एक डेसिबल मिळतात. पण प्रत्येक काचेला एक दुबळा सूर असतो. ठरावीक कंपनसंख्येला हवेतली लाट आणि काचेत उठणारी लाट यांचं जमून जातं आणि काच तो आवाज जवळजवळ स्वतःच वाजवून आत देते. ती कंपनसंख्या काढायला बारा हजाराला काचेच्या मिलिमीटरमधल्या जाडीने भागायचं. चार मिलिमीटरला ती ३००० हर्ट्झच्या आसपास येते, सहाला २०००, आणि बाराला १०००. वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या टायरचा रस्त्यावर घासण्याचा आवाजही १००० हर्ट्झच्याच आसपास सर्वांत जोरात असतो. म्हणजे सर्वांत महाग, सर्वांत जाड एकसंध काच नेमकी टायरच्या आवाजापुढे मान टाकते. यावर तोड आहे लॅमिनेटेड काच. दोन पातळ काचांच्या मध्ये मऊ प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि तो काचेचं थरथरणं जिरवतो. बाजारात ६.३८ म्हणून मिळते ती तीन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये ०.३८ चा थर. तिला साध्या सहा मिलिमीटरपेक्षा दोन-तीन डेसिबल जास्त पडतात आणि फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. वजनाचा विचार मात्र आधी करावा. वर सांगितलेल्या मापाच्या खिडकीला सहा मिलिमीटर काच सुमारे अठ्ठावीस किलो भरते आणि दहा मिलिमीटरची सेहेचाळीस-सत्तेचाळीस. जुन्या सरकत्या पल्ल्याची चाकं एवढं ओझं पेलत नाहीत.

आता डबल काच. भिवंडी-कल्याण पट्ट्यात साउंडप्रूफ म्हणून सर्रास विकली जाते ती सहा-बारा-सहाची जोडी: दोन काचा आणि मध्ये बारा मिलिमीटर बंदिस्त हवा. उष्णता अडवायला ती चांगली आहे, थंड देशांत ती त्यासाठीच आली. आवाजाच्या बाबतीत तिच्यात एक खोड आहे. मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि दोन काचा त्या स्प्रिंगच्या दोन टोकांना लावलेल्या वजनांसारख्या हलतात. या जोडीचा स्वतःचा सूर काढला तर तो २०० हर्ट्झच्या जवळ येतो. त्या सुराला दोन काचा मिळून एका काचेपेक्षाही कमी आवाज अडवतात.

आणि ट्रक नेमका त्याच मुलखात बोलतो. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, मिनिटाला १५०० फेरे. फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला तीन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ७५ धक्के. मूळ सूर ७५ हर्ट्झ, त्याच्या पटीतले १५० आणि २२५. नाक्यावर नुसता उभा राहून घरघरणारा ट्रक तर तीस हर्ट्झवर असतो. तेव्हा आवाज ऐकू येण्याआधी कपाटाची काच थरथरते. हजारो रुपये देऊन डबल काच लावल्यावर लोक म्हणतात, हॉर्न गेला, रिक्षा गेल्या, पण ट्रक आहे तिथेच आहे. त्यांचे कान खोटं सांगत नसतात. मोबाइलवरचं आवाज मोजण्याचं अ‍ॅप मात्र त्यांना खोटं पाडतं, कारण डेसिबल मोजण्याची रूढ पद्धत माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी भाव देते. ६३ हर्ट्झच्या आवाजातून ती तब्बल २६ डेसिबल वजा करते. दुकानदाराच्या पत्रकातला आकडाही असाच गोड असतो. काच किती डेसिबल अडवते ते सांगायला त्यावर आरडब्ल्यू म्हणून ३६ किंवा ३८ लिहिलेलं असतं. त्याच्याच शेजारी सीटीआर नावाची एक उणे संख्या असते, उणे चार, उणे सहा अशी. ती खास रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी आहे. दोन्हींची बेरीज करून येईल तोच आपला आकडा. पत्रकात सीटीआर छापलेलाच नसेल, तर मागून घ्यावा. देता आला नाही तर त्या काचेची चाचणी झालेली नाही असं धरायला हरकत नाही.

मग ट्रकला तोड काय? हवेची स्प्रिंग सैल करायची, म्हणजेच दोन काचांमधलं अंतर वाढवायचं. बारा मिलिमीटरऐवजी शंभर मिलिमीटर, चार इंच, अंतर ठेवलं की जोडीचा स्वतःचा सूर २०० वरून ७० हर्ट्झच्या खाली उतरतो आणि ट्रकच्या आवाजाचा मोठा भाग त्याच्या वर, अडवता येण्याजोग्या पट्ट्यात येतो. कारखान्यात बनवलेल्या बंद जोडीत एवढं अंतर ठेवत नाहीत. त्यासाठी आहे ती खिडकी तशीच ठेवून तिच्या आतल्या बाजूला दुसरी खिडकी बसवायची. माझ्या मते रस्त्याकाठच्या घरासाठी हाच सर्वांत शहाणा खर्च आहे. जुनी खिडकी तोडावी लागत नाही, प्लास्टर उखडत नाही, आणि साध्या काचांनीही बंद डबल काचेपेक्षा चांगला परिणाम मिळतो. दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्याव्यात, बाहेर पाच तर आत साडेसहाची लॅमिनेटेड, म्हणजे दोघींचे दुबळे सूर एकाच ठिकाणी येत नाहीत. दोन खिडक्यांमध्ये चौकटीच्या कडेने जी चार इंची पट्टी उरते, तिच्यावर आवाज शोषणाऱ्या साहित्याचं अस्तर लावलं तर आणखी थोडं पदरात पडतं. जुन्या इमारतींच्या नऊ इंची विटांच्या भिंतीत हे आरामात बसतं. नव्या टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती सहा इंचांच्या आसपास असतात. तिथे आतली चौकट भिंतीच्या पुढे, खोलीत आणून बसवावी लागते. दिसायला थोडं बोजड, पण झोपेच्या खोलीत चालून जावं.

पडद्यांबद्दल फार लिहायला नको. जाड पडदा, गालिचा, गादी खोलीच्या आतला घुमारा कमी करतात. बाहेरून येणाऱ्या ट्रकला ते दिसतही नाहीत. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांचा उपयोग शून्य. बाल्कनीतल्या कुंड्यांनी मन प्रसन्न होतं, तेवढंच. झाडांनी आवाज लक्षणीय कमी व्हायला तीसेक मीटर जाडीचं दाट रान लागतं आणि अंजूरफाट्यावर ते कुठून आणायचं?

अवघड भाग पुढे आहे, आणि परदेशी सल्ल्यांत तो बहुधा सापडत नाही. खिडकी हवाबंद केली की हवा कुठून येणार? कोकणपट्टीच्या दमटपणात मे महिन्याच्या रात्री बंद खोलीत पंखा नुसती गरम हवा फिरवतो. एसी लावला तर गारवा येतो, पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करतो. दहा बाय दहाच्या घट्ट बंद खोलीत दोन माणसं झोपली तर दोन तासांच्या आत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात हजार भागांच्या पुढे जातं. सकाळी डोकं जड वाटतं ते त्यामुळेही असू शकतं. झोपण्याच्या खोलीचं दार घराच्या आतल्या बाजूला, रस्त्याकडे नसलेल्या खोलीकडे उघडं ठेवलं तर बरंच भागतं. स्वयंपाकघर आणि बाथरूम मात्र आवाजासाठी कधीही बुजवू नयेत. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथल्या काचेच्या पट्ट्यांच्या झरोक्याला हातही लावू नये. गिझर ऑक्सिजन खातो, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, आणि त्याला वास नसतो. अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. त्यापेक्षा बाथरूमचं दार घट्ट बसेल असं करावं, म्हणजे झरोक्यातून आलेला आवाज तिथेच राहतो.

हवा हवी आणि आवाज नको, या पेचावर हाँगकाँगने एक युक्ती वापरली आहे. तिथे रस्त्याकाठच्या सरकारी वसाहतींत दोन काचांच्या खिडक्या अशा बसवल्या, की बाहेरची काच एका कडेला उघडते आणि आतली तिच्या विरुद्ध कडेला. हवा मधल्या पोकळीतून नागमोडी आत येते. आवाज मात्र पोकळीत आपटत, अस्तरात जिरत येतो. पूर्ण बंद खिडकीइतका फायदा अर्थातच नाही, पण तेवढीच उघडी साधी खिडकी जेवढा आवाज आत सोडेल त्यापेक्षा काही डेसिबल कमी. गंमत अशी, की वर सांगितलेली आतली दुसरी खिडकी सरकती असेल तर ही सोय आपोआप मिळते. बाहेरचा पल्ला डावीकडे चार बोटं उघडा, आतला उजवीकडे. बंद असताना सरकत्या पल्ल्यामुळे थोडं नुकसान होतं, ते हवेसाठी सोसायचं की नाही हे घराघराने ठरवावं. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी उघडता पल्ला घ्यावा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी सरकता.

या सगळ्यात रस्ता स्वतः काहीच करत नाही, हेही नोंदवायला हवं. आवाजाविरुद्धची न्यायालयीन लढाई महाराष्ट्रात जुनी आहे, डॉ. यशवंत ओक यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली ती १९८५ मध्ये. पण ती लढाई मुख्यतः लाउडस्पीकरशी आहे, आणि लाउडस्पीकरला मालक असतो, मंडळ असतं, परवाना असतो. रात्रभर जाणाऱ्या हजार ट्रकांच्या घरघरीत आरोपी कोण? महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली. ते ठीकच झालं, पण हॉर्नचा सूर खिडकी सहज अडवते. तिला जो अडवता येत नाही तो धडाका रिकामा कंटेनर खड्ड्यात उसळतो तेव्हाचा असतो, आणि तिथे एक खड्डा नीट भरला तर समोरच्या पाच इमारतींच्या सगळ्या खिडक्यांना जमणार नाही एवढं काम होतं. चिंचोटी-अंजूरफाटा-माणकोली रस्त्यावर राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

घर अजून घ्यायचंच असेल तर ते रविवारी दुपारी बघू नये. आठवड्यातल्या दिवशी रात्री अकरानंतर जाऊन झोपण्याच्या खोलीत दहा मिनिटं उभं राहावं. घेतलेलं असेल तर सगळ्या खिडक्या एकदम करू नयेत. आधी झोपण्याच्या एका खोलीचे सांधे, मग तिथेच आतली दुसरी खिडकी. काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीला विचारावं, कारण इमारतीचं बाहेरचं रूप बदललं तर बहुतेक सोसायट्या हरकत घेतात. आतली खिडकी बाहेरून दिसत नसल्याने तिथे सहसा अडचण येत नाही. फक्त ती पूर्ण उघडेल आणि बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूपर्यंत हात पोचेल अशी करायला सांगावी. मागांच्या वस्तीत धूळ आणि कापसाचे तंतू बारीकशा फटीतूनही आत शिरतात आणि महिन्याभरात दोन काचांच्या मध्ये त्यांचा थर बसतो.